जाणाऱ्याने हिशेब करून जावे

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. जेवणाच्या सुटीत आमच्या कार्यालयातील एक जुने सहकारी माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. शिपाई म्हणून लागलेला हा माणूस, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. हातातला डबा तसाच बंद. म्हणाले, “भाऊ, रविवारी जरा घरी या. पोरीनं नोकरी सोडायचं काढलंय. म्हणते, वर्षभर एकटीच फिरणार. तुम्ही समाजाचं काम करता. तुमचं ऐकेल ती.”

ही मुलगी मला लहानपणापासून माहीत आहे. वस्तीतल्या विहारात आमच्या अभ्यासवर्गाला ती यायची. पुढे एम. कॉम. झाली, एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागली, तिथे तिची सहा वर्षे झाली. तिच्या पगाराच्या आधारावर घरच्यांनी कर्ज काढून दोन खोल्यांचे घर घेतले. कर्जाच्या कागदावर बापाच्या सहीखाली तिची सही आहे.

रविवारी गेलो. जयभीम झाला, चहा झाला. मी विषय काढण्याआधी तीच म्हणाली, “काका, मी काम सोडत नाही, जागा सोडतेय. हिशेबाचं काम संगणकावर होतं. २०२० साली टाळेबंदीत हेच काम मी या खोलीत बसून केलं. मग तेच गंगटोकला बसून का होणार नाही? दोन-तीन लहान कंपन्या मला घरबसल्या काम द्यायला तयार आहेत. एका गावी महिना-दोन महिने राहीन, काम करीन, गाव बघीन, पुढे जाईन.”

खरे सांगतो, वाचकहो, मला राग आला. माझी बावीस वर्षे एका टेबलाशी गेली. प्रवास म्हणाल तर दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि एकदा बुद्धगया. घरी परतल्यावर ध्यानात आले की त्या रागात काळजी जितकी होती तितकीच असूयाही होती. म्हणून उत्तर द्यायला मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचले, आठवले आणि वहीत मांडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

फिरणे आणि फिरावे लागणे

आपल्या माणसांना फिरणे नवीन नाही. दुष्काळात गाव सोडले, बहिष्कार पडला म्हणून सोडले, गिरणीत काम मिळेल म्हणून सोडले. आजही ऊसतोडणीच्या हंगामात बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे गाडीवर चढतात. त्याला कोणी ‘प्रवास’ म्हणत नाही. म्हणूनच एक नोकरी, एक पक्की खोली, दर महिन्याला कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधी, या गोष्टींची किंमत आपल्या घरांत फार मोठी आहे. ज्याच्या मागे वडिलार्जित जमीन आहे तो नोकरी सोडतो तेव्हा एक नोकरी सुटते. आपला मुलगा किंवा मुलगी नोकरी सोडते तेव्हा तीन पिढ्यांनी बांधलेल्या भिंतीची वीट हलते. त्या बापाची भीती अडाणीपणाची नव्हती.

दुसरी भीती मुक्कामाची. एकट्या माणसाने रात्री कोठे राहायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनाही सुटलेला नव्हता. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आता कायदा आपल्या बाजूने आहे. परंतु खोली दाखवण्याआधी ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारणारे घरमालक अजून आहेत.

असे असूनही जायचे म्हणणाऱ्याला अडवावे काय? येथे मला धर्मानंद कोसंबी आठवले.

गोव्याचा एक तरुण

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शाळेचे शिक्षण थोडके. घरची थोडीफार बागायत, लहान वयात झालेले लग्न, असे चारचौघांसारखे आयुष्य. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा हा एकच ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी बाळाबाई होती आणि एक वर्षही पुरते न झालेली मुलगी माणिक.

पुढची जवळजवळ सात वर्षे हा माणूस चालत राहिला. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन, मग ग्वाल्हेर, मग काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन. १९०२ साली नेपाळ, बुद्धगया आणि कलकत्ता करून ते सिंहलद्वीपास म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. नंतर ब्रह्मदेश पाहिला, भगवंतांच्या जन्माची, धम्मचक्राची, परिनिर्वाणाची स्थाने पाहिली. बँकेत पैसा नाही, हातात पदवी नाही. ज्या गावी गुरू मिळेल ते गाव आपले.

१९०६ साली ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. तेथे पगार चांगला मिळत होता आणि स्थिर झाले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु आपण मिळवलेली विद्या मराठी माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, ही तळमळ होती. तेव्हा बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यापुढे एक योजना ठेवली. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहून द्यावे, दरमहा पन्नास रुपये मिळतील, मुदत तीन वर्षे. कलकत्त्याची मोठी प्राप्ती सोडून धर्मानंदांनी हे पन्नास रुपये स्वीकारले. आज ज्याला ‘कोठूनही काम’ म्हणतात तो करार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठी माणसाने केलेला आहे! पुढे याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले, हे आपण जाणतोच.

धर्मानंद पुढे कामानिमित्त अनेकदा अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात गेले, रशियात लेनिनग्राडला गेले. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळ भागात त्यांनी कामगार आणि अस्पृश्य वस्तीसाठी ‘बहुजन विहार’ उभारला. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक आजही आपल्या घरांत आहे. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचा अंत झाला.

आता वहीची दुसरी बाजू पाहू. मी बी. कॉम. झालेला कारकून आहे. जमेची बाजू वाचली की नजर आपोआप खर्चाच्या बाजूकडे जाते. त्या सात वर्षांत बाळाबाईंनी काय केले? नवरा परत येणार की भिक्षू होऊन तिकडेच राहणार, याची खात्री नसताना त्यांनी नातलगांच्या आधाराने दिवस काढले आणि मुलगी वाढवली. धर्मानंदांचा प्रवास ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रात नोंदलेला आहे. बाळाबाईंच्या वाट पाहण्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. धर्मानंद परतले, त्यांनी संसार पुन्हा मांडला, मुलगी माणिक हिला अमेरिकेत शिकवले. मुलगा दामोदर तर जगात नावाजलेला विद्वान झाला. हे सारे खरे, तरीही ती सात वर्षे बाळाबाईंच्याच नावे खर्ची पडली.

बाईमाणूस एकटी गेली तर?

कोणी म्हणेल, धर्मानंद पुरुष होते. मुलीच्या जातीला हे कसे जमावे? त्यासाठी एका फ्रेंच बाईची हकिगत सांगतो. त्यांचे नाव अलेक्झांड्रा डेव्हिड-नील. जन्म १८६८ चा. तरुणपणी गायिका म्हणून पोट भरले, पुढे ट्युनिस येथे रेल्वेतील एका इंजिनिअरशी लग्न केले. मोठे घर, नोकरचाकर, सगळे असूनही मन लागेना. बौद्ध धर्माचा अभ्यास करायचा म्हणून ऑगस्ट १९११ मध्ये त्या हिंदुस्थानकडे निघाल्या. नवऱ्याला सांगितले, दीड वर्षात परत येते. परतल्या १९२५ साली!

मधल्या चौदा वर्षांत त्या सिक्कीममध्ये डोंगरावर राहून तिबेटी भाषा आणि साधना शिकल्या, जपान, कोरिया, चीन पाहिले. परक्यांना बंदी असलेल्या ल्हासा शहरात १९२४ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, भिकारणीच्या वेशात पायी पोहोचल्या. सोबत योंगडेन हा सिक्कीमचा तरुण होता, ज्याला त्यांनी पुढे मुलगा मानून दत्तक घेतले. नंतर पुस्तके लिहून त्यांनी स्वतःच्या कमाईवर फ्रान्समध्ये घर घेतले. शंभराव्या वर्षी त्यांनी आपला पासपोर्ट पुन्हा करून घेतला होता. १९६९ साली त्या वारल्या.

ऐकायला किती छान! परंतु येथेही वही उघडा. त्या चौदा वर्षांत पैसे कोण पाठवत होते? तो रेल्वेतला नवरा. पत्रे येत, पत्रे जात. पैशाची मागणी येई, पैसे जात. त्या बाईंचे धैर्य अस्सलच होते. तथापि त्या धैर्याखाली दुसऱ्याच्या पगाराची जाजम अंथरलेली होती. आपल्या मुलीच्या मागे असा पगार पाठवणारा कोणी नाही. उलट घरचा हप्ता तीच भरते आहे. म्हणून त्या बाईंचे धैर्य घ्यावे, हिशेब मात्र स्वतःचा करावा.

विनयातले प्रश्न

आठ दिवसांतल्या पाचव्या रात्री मला विनयपिटकातील एक गोष्ट आठवली आणि वाट सापडली. भिक्षुसंघ म्हणजे घर सोडलेल्या, एका जागी न राहणाऱ्या माणसांचाच संघ. पण त्यात कोणालाही उठून जाता येत नसे. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला काही प्रश्न विचारले जात. तू कोणाचा दास नाहीस ना? तुझ्यावर कर्ज नाही ना? तू राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची अनुमती आहे ना? चीवर आणि पात्र तुझ्याजवळ आहे ना? किती व्यवहारी प्रश्न आहेत पाहा! यातला अनुमतीचा नियम कसा झाला तेही वाचण्यासारखे आहे. लहानग्या राहुलाला संघात घेतले तेव्हा शुद्धोदनाने भगवंतांकडे येऊन आपले दुःख बोलून दाखवले, आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम भगवंतांनी केला. मागे राहणाऱ्याचे दुःख ऐकून घेऊन झालेला हा नियम आहे. शिवाय वर्षावासाचे तीन महिने एका ठिकाणी राहायचे, हे बंधनही होतेच.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाचे गृहत्यागाचे चित्र बदलून दिले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून गुपचूप गेलेला राजपुत्र त्यांना मान्य नव्हता. रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्धाचा प्रश्न उभा राहतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, देशत्याग पत्करतो, आईवडिलांना सांगतो, यशोधरेशी बोलतो, तिची संमती घेतो आणि मग जातो. विशेष म्हणजे धर्मानंदांनीही ‘भगवान बुद्ध’मध्ये जुन्या सुत्ताच्या आधारे हेच दाखवले होते की गोतमाने घर सोडले ते आईवडील डोळ्यांदेखत रडत असताना, चोरून नव्हे. सात वर्षे घरापासून दूर राहिलेल्या माणसाने हे लिहावे, याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

मला तरी यातून एकच गोष्ट कळली. जाणे हा दोष नाही. सांगून, ऐकून घेऊन आणि कर्जाची सोय लावून जाणे, हे जाणाऱ्याचे कर्तव्य आहे.

वही उघडली

पुढच्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेलो. म्हटले, “बाळ, तू जा किंवा जाऊ नको, हे मी सांगणार नाही. आपण फक्त लिहून काढू.” बाप, लेक आणि मी चटईवर बसलो. आई दारात.

पहिली गोष्ट, पगार आणि मिळकत यांतला फरक. पगार एक तारखेला येतो. बाहेरचे काम करणाऱ्याचे पैसे समोरच्याच्या मर्जीने येतात. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा नाही, भरपगारी रजा नाही, आणि नोकरी सुटली की कंपनीने काढलेला आजारपणाचा विमाही सुटतो. घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हजर. तेव्हा ठरले की सहा हप्त्यांची रक्कम आधी बँकेत वेगळी ठेवायची, स्वतःचा विमा काढायचा आणि साठलेल्या निधीला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, परदेशाची. जाहिरातींत समुद्राकाठी संगणक घेऊन बसलेली मंडळी दिसतात. ते किती जणांना परवडते? थायलंड सरकारने २०२४ साली अशा लोकांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला. तो मागणाऱ्याला पाच लाख बाथ खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांहून अधिक रुपये. साध्या पर्यटकाच्या व्हिसावर काम करत राहणे हा अनेक देशांत नियमभंग ठरू शकतो. आपल्या देशात मात्र परवाना लागणारे काही भाग सोडले तर कोठेही राहावे, कोठेही काम करावे, हा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलेला आहे. नेपाळला जायलाही भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. तेव्हा सुरुवात येथूनच.

तिसरी गोष्ट, एकदम वर्ष नको. आधी तीन महिने. मग घरी येऊन वही उघडायची आणि पुढचे ठरवायचे.

आम्ही बेरजा मारत होतो तेव्हा दारातून आई म्हणाली, “तुम्ही सगळे पैशाचा हिशेब करताय. माझ्या झोपेचा कोण करणार?” खोलीत कोणी बोलेना. शेवटी मुलगी उठून आईजवळ जाऊन बसली. रोज रात्री नऊ वाजता फोन, आणि नवीन खोली घेतली की पत्ता व घरमालकाचा नंबर आधी आईकडे, असे ठरले. वहीत तेही लिहिले. बापाने सही केली नाही. “बघू,” एवढेच म्हणाले.

हप्त्यांची रक्कम साठायला आठ महिने लागले. तेवढे दिवस तिने नोकरी केली आणि यंदाच्या मार्चमध्ये निघाली. पहिला महिना बुद्धगयेस, पुढचे दिवस गंगटोकला. एका गावी पूर्ण नाव विचारल्यावर ‘खोली कालच दिली’ असे ऐकावे लागले. तिने तेही आईला सांगितले, लपवले नाही. दुसऱ्या महिन्यात एका कंपनीचे पैसे अडकले. हप्ता बँकेत ठेवलेल्या रकमेतून गेला. ती रक्कम नसती तर घरी बँकेचा फोन आला असता आणि मुलगी जन्मात पुन्हा बाहेर पडली नसती.

बुद्धपौर्णिमेला ती परत आली. विहारात वंदना झाल्यावर आम्ही पुन्हा त्या चटईवर बसलो. मिळकत अंदाजापेक्षा कमी होती, खर्चही कमी होता, वही जेमतेम जुळली. पण एक नवे काम तिला गंगटोकमध्येच मिळाले होते. आता पुढच्या फेरीची तयारी चालू आहे. येत्या ऑगस्टमध्ये वडील निवृत्त होतील. त्यांचा होकार अजून तोंडातून आलेला नाही. मात्र परवा जेवणाच्या सुटीत ते माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, पुढचे सहा हप्ते जमायला किती दिवस लागतील, जरा काढून द्या ना.”

मी कागद घेतला आणि काढून दिले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही उद्या एखादा मुलगा, एखादी मुलगी असे विचारील. तेव्हा चिडू नका आणि कौतुकाने वाहूनही जाऊ नका. वही घ्या, सगळ्यांना बसवा, आणि दारात उभ्या असलेल्या आईला आधी आत बोलवा.